मणी तेच, गुंफण निराळी

प्रिय धाकटे,

ज्यांना आयुष्यभर ‘एकाच साच्यातल्या’ म्हणून हसत हसत निकालात काढलं गेलं, अशा समस्त बहिणींनो! बघ, सवय जात नाही. पत्र एकटीला लिहायला बसले तरी समोर मैदान भरलंय असंच वाटतं. समस्त बहिणींचं जाऊ दे, त्यातल्या आपण दोघी पुरेत. आपली तक्रार जुनी आहे आणि ती कुणी कधी ऐकून घेतलेली नाही. आपल्याला बघितलं की लोक मोजायला लागतात. तेच नाक, तेच कपाळ, तीच उंची, तीच रसायनशास्त्राची पदवी. बेरीज जुळली की म्हणतात, “अगदी हुबेहूब हो!” आणि पुढे चालू पडतात. कशाला काय जोडलंय, कुठल्या बाजूने जोडलंय, हे बघायला एकही माणूस थांबत नाही. गेल्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी वर्गासमोर तुझी ओळख करून दिली ती “ताईंची दुसरी प्रत” अशी. मुलं हसली, तूही हसलीस, आणि मग शेवटपर्यंत टेबलामागे मण्यांचा रेणू हातात धरून उभी राहिलीस. तुझं ते हसू मला अजून खुपतं. तू मला कधी काही म्हणाली नाहीस. तू कधीच काही म्हणत नाहीस, हीच तर माझी दुसरी तक्रार आहे.

त्याच वर्गाबद्दल लिहितेय. मण्यांचा वर्ग, मी बोलते आणि तू मणी धरायला येतेस तो, या वर्षी बंद पडायच्या बेतात आहे. विभागप्रमुख मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी आले, चहाचा कप हातात, चेहरा एकदम सोज्वळ. म्हणाले, “बाई, हल्ली पडद्यावर रेणू काय सुरेख फिरतात! हवा तसा फिरवा, हवा तसा उलटा करा. मुलांच्या हातात मणी देऊन काय मिळतं? निम्मे बाकाखाली जातात, शिपाई माझ्या नावानं बोटं मोडतो.” माणूस वाईट नाही, हे मी शिक्षक संघटनेतर्फे त्यांच्याविरुद्ध कॉलेजच्या फाटकावर भाषण करतानाही मान्य करत आले आहे. पण पडद्यावरचा रेणू नुसता बघायचा असतो. तो हातात घेऊन दुसऱ्यावर बसवून बघता येत नाही, आणि बसत नाही हे बोटांना कळल्याशिवाय समघटकता, म्हणजे मणी तेच आणि जोडणी निराळी, कुणालाही कळलेली नाही. सोमवारचा वर्ग कोण घेणार त्याचं नाव त्यांना शनिवारपर्यंत हवंय. नाव नाही आलं तर फिल्म लागणार आणि मण्यांचा डबा सामानाच्या खोलीत जाणार. त्या खोलीत गेलेली वस्तू परत आलेली तू कधी पाहिलीयेस? मागे एक अख्खा शिक्षक तिकडे तराजू शोधायला गेला तो चहाच्या सुट्टीनंतरच सापडला. आता तू विचारशील, ‘ताई, तू आहेस ना, मग तूच का घेत नाहीस?’ ते सांगते. पण माझ्या क्रमाने सांगते, मधे बोलू नकोस. तसं पत्रात तुला मधे बोलताही येणार नाही, ही सोय मला फार आवडलीय.

फोन न उचलल्याबद्दल रागावू नकोस. तू लागोपाठ फोन केलेस आणि दर वेळी आमच्या अध्यक्षांनी (नवऱ्याला मी घरात याच पदावर ठेवलंय, अधिकार काही नाहीत) तुला सांगितलं की ती आंघोळीला गेलीय. तू म्हणालीस म्हणे, “भावजी, ताई आंघोळ करतेय की नदीचं पात्र बदलतेय?” हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं आणि मग चष्मा पुसत बसले. त्यांना खोटं बोलता येत नाही. शिक्षकांच्या सभेला त्यांना मी कधी नेत नाही, ते त्यामुळेच.

आज दुपारी डबा उघडून बसले होते. आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र आता पुरतं पुसलंय. आई दुकानासाठी माळा ओवायची तेव्हा उरलेसुरले मणी आपल्याला मिळायचे. काळा म्हणजे कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन हे आपल्याला पुढे कळलं. तेव्हा ते फक्त आपले मणी होते, आणि त्यांच्यावरून आपण एकमेकींचे केस ओढत होतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी आईने आपल्याला समोरासमोर बसवलं होतं आणि मला सांगितलं होतं, “हिला बुटाची नाडी बांधायला शिकव.” तू डावखुरी. मी उजव्या हाताने दाखवायचे आणि तू समोर बसून आरशात बघितल्यासारखं डाव्या हाताने करायचीस. मी उजवीकडून दोरा आणला की तू डावीकडून आणायचीस. सगळं उलट, आणि तरी गाठ बसायची पक्की. आई वैतागायची. “हिची गाठ हिच्याशिवाय कुणाला सुटत नाही,” म्हणायची. शाळेच्या दारात तुझे बूट काढताना तिची बोटं नेहमी चुकीच्या बाजूला ओढायची. ती गाठ चुकलेली नव्हती. ती दुसऱ्या बाजूने बघून बांधलेली होती, एवढंच.

मग तापात माझं एक वर्ष गेलं आणि आपण एकाच वर्गात आलो. जुळ्या, जुळ्या म्हणून लोकांची जीभ दुखेपर्यंत ऐकलं. भिंगवाले सर आठवतात ना? चष्मा असूनही खिशात भिंग ठेवणारे. त्यांनी एकदा आपल्या सगळ्यांना दह्यातल्या आम्लाचा रेणू करायला सांगितला: मधे एक काळा मणी आणि त्याला चार बाजूंनी चार निराळ्या गोष्टी. मी माझा केला. तू माझ्यासमोर बसलेलीस, तू माझा बघून बघून केलास, नाडीसारखाच. सरांच्या मदतनीस बाईंनी माझ्या रेणूवर बरोबरची खूण केली आणि तुझ्यावर फुली मारली. झालं! माझं डोकं फिरलं. मी सरळ बाकावर चढले. आयुष्यातलं माझं ते पहिलं भाषण. काय चुकलं दाखवा, म्हटलं. मणी कमी आहे का? जास्त आहे का? कुठला मणी कुठल्याला जोडायला नको होता? एक जोड तरी चुकीची दाखवा, नाहीतर फुली खोडा! आणि तू खालून माझा फ्रॉक ओढत होतीस, “ताई, उतर ना खाली. ताई, सगळे बघतायत.” सर आले. त्यांनी दोन्ही रेणू हातात घेतले, तुझा माझ्यावर ठेवायचा प्रयत्न केला, उलटा केला, आडवा केला, फिरवला. दोन बाजू जुळल्या की दोन बिघडत. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात चढवावा तसं. मग खिडकीशी जाऊन त्यांनी आपल्या छोट्या आरशात माझा रेणू धरला, शेजारी तुझा धरला, आणि आरशातला माझा हा तंतोतंत तुझा होता. सर म्हणाले, “चूक नाही. पण तोही नाही.” फुली खोडली गेली. त्या दिवसापासून मी बोलायला लागले ती थांबलेच नाही, आणि तू हातात रेणू धरायला लागलीस ती गप्प झालीस. एकाच बाकावरून दोघी दोन दिशांना निघालो. लोक म्हणतात दुसरी प्रत!

मी भाषणांत पुढे हाच दाखला इतका वापरला की आमच्या संघटनेतले तरुण मला चिडवतात. पण मी म्हणते ते खरं आहे की नाही सांग. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. ऑक्सिजन टोकाला, एका हायड्रोजनचा हात धरून बसला तर ती दारू, पातळ, माणसाला झिंगवणारी. तोच ऑक्सिजन उठून दोन कार्बनच्या मधे जाऊन बसला तर तो वायू, फवाऱ्याच्या डब्यात भरतात तो. मालमसाला काडीचाही बदललेला नाही! बसायची जागा बदलली. म्हणून मी फाटकावर उभी राहून सांगत आले की हंगामी शिक्षकाला नेहमी दारातल्या खुर्चीवर बसवायचं आणि मग म्हणायचं, हा वाऱ्यासारखा येतो नि जातो, याला विषयात रस नाही. त्याला मधल्या खुर्चीवर बसवून बघा, मग बोला! जग मोजतं, बघत नाही. सूत्र वाचतं, रचना वाचत नाही. या एका वाक्यासाठी मी कित्येक माणसांशी भांडले आणि पुन्हा भांडेन. म्हणजे, भांडले असते.

आणि सरळ साखळी, फांद्यांची साखळी ते तर आपलंच घर. सरळ साखळ्या एकमेकींना लगटून पडतात म्हणून त्यांना उकळवून वेगळं करायला जास्त उष्णता लागते. फांद्या फुटलेल्या रेणूला जवळ कुणाला घेता येत नाही, तो लवकर उडून जातो. बाबा बघ. माणसं भरपूर, सगळीकडे ओळखी, चारी बाजूंना हात, आणि घरात कधी टेकले नाहीत. आई सरळ, एका रेषेत, आपल्या दोघींना अंगाशी घट्ट धरून. मणी तेवढेच होते दोघांकडे. आता मला बाबांचा राग येत नाही. फांद्यांचा दोष नसतो, त्यांना चिकटून बसता येत नाही.

तुझं लग्न होऊन तू तिकडे गेलीस तेव्हा मला ती दोन आम्लं आठवायची, ज्यांच्यावरून तू परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवलेस. मधला बंध दुहेरी, त्यामुळे वळता येत नाही. एका आम्लात दोन्ही हात एकाच बाजूला, दुसऱ्यात एक इकडे, एक तिकडे. सिस आणि ट्रान्स. पहिलं पाण्यात भसाभस विरघळतं, दुसरं रुसून तळाशी बसतं. आपले हात त्या काळात एका बाजूला नव्हते. मी सभांमधून, तू पाळण्याशी. पण बंध दुहेरी होता ना, तुटला नाही. आणि वळायचं तर उष्णता लागते किंवा प्रकाश लागतो. तुझ्या मुलीच्या आजारपणात मी तुझ्या स्वयंपाकघरात राहायला आले तेव्हा आपण दोघी पुन्हा एका बाजूला आलो. तू म्हणालीस, “ताई, तू इथे आहेस आणि भाषण करत नाहीयेस, मला भीती वाटतेय.” किती हसलो होतो आपण त्या भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढे.

आता तुझ्या कारखान्याचं. तू हे कधी कुणाला सांगत नाहीस, मला तुझ्या नवऱ्याकडून कळलं. औषधासाठी आलेला कच्चा माल तुझ्या तपासणीच्या खोलीत आला. वितळायचा बिंदू बरोबर, वजन बरोबर, सूत्र बरोबर. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू तो विरघळवून तुझ्या त्या लांब नळीत भरलास, प्रकाश सोडलास, डोळा लावलास, आणि प्रकाश उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळला. तुझे वरिष्ठ म्हणाले, “अहो बाई, नळी उलटी धरली असेल.” नळी उलटी धरून प्रकाश उलटा वळत नाही हे त्यांनाही माहीत होतं, घाईत विसरले. तू म्हणालीस, “हा आपला नाही, हा आरशातला आहे.” झालं एवढंच. माल परत गेला. मी असते तर पाऊण तास बोलले असते, दोन शत्रू केले असते आणि माल बहुधा तिथेच राहिला असता. तुला बोलता येत नाही असं तू म्हणतेस तेव्हा मला ही गोष्ट आठवते. तुला बोलता येतं. तू फक्त लागतं तेवढंच बोलतेस, आणि माझ्यासारखीच्या शेजारी राहून ते तुला बोलणं वाटेनासं झालंय.

त्या वासाच्या दोन बाटल्या तू मला दिल्या होत्यास त्या अजून भरलेल्या आहेत. एकच सूत्र, एकमेकांचे आरशातले दोन रेणू. एका बाटलीत पुदिन्याच्या गोळीचा वास, दुसरीत शहाजिऱ्याचा. मुलं बाटल्या नाकाशी धरतात आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. काहींच्या नाकाला फरक कळतच नाही, ती बिचारी शेजारच्याला पुन्हा पुन्हा विचारत राहतात. आमचे अध्यक्ष त्यांतलेच. काल त्यांना दोन्ही हुंगायला दिल्या तर म्हणाले, “दोन्ही दातांच्या पेस्टसारख्या आहेत, मला जेवायला वाढ.” पण मला गेल्या वर्षीचं एक आठवतंय. मी व्यासपीठावर दणक्यात बोलत होते. आरसा, डावा-उजवा, जग मोजतं बघत नाही, सगळं. मुलं टाळ्या वाजवत होती. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला काहीच कळलेलं नव्हतं. दोन रेणू हातात घेऊन ती रडकुंडीला आली होती. मला ते दिसलंच नाही. तुला दिसलं. तू टेबलामागून निघालीस, तिच्या बाकाशी उकिडवी बसलीस आणि तिच्या कानाशी काहीतरी म्हणालीस. नंतर मी तिला विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या गं? ती म्हणाली, “त्या म्हणाल्या, नुसतं बघू नकोस, तुझे दोन्ही हात नमस्कार करताना कसे जुळतात ते आठव, आणि मग दोन्ही तळवे खाली करून एकावर एक ठेवून बघ.” तेवढ्यावर तिला समजलं होतं. आणि सांगू? तिच्या शेजारचे पाच-सहा जण मान वळवून तुझंच ऐकत होते. माझ्यासाठी टाळ्या वाजवून झाल्यावर.

आता तुझा प्रश्न. तू विचारशील म्हणून राखून ठेवला होता तो. पावसाळ्याच्या आधीपासून माझा आवाज बसायचा. सभांमुळे, असं मी म्हणायचे. मागच्या फाटकसभेत माझं भाषण दुसऱ्या एका तरुण शिक्षिकेने वाचलं, मी बाजूला उभी राहून ओठ हलवत होते. घरात आता पाटी आणि खडू आहे. अध्यक्षांना मी पाटीवर रागावते आणि ते वाचायला चष्मा शोधतात तोवर राग उतरतो. घशाच्या डॉक्टरीणबाई फार तरुण आहेत, तुझ्यासारख्याच कमी बोलतात. त्यांनी पडद्यावर मला माझा गळा दाखवला. आवाजाच्या दोन पट्ट्या, समोरासमोर, एकमेकींचं आरशातलं रूप. आयुष्यभर मी ज्या दोघींच्या जोरावर गर्जले त्यांना मी कधी बघितलंच नव्हतं. उजवीवर गाठ आहे. रविवारी मला भरती व्हायचंय, सोमवारी ती कापून काढतील, आणि उजवी पट्टी पुन्हा हलेल याची खात्री त्या देत नाहीत. मी पाटीवर लिहिलं, म्हणजे मी मुकी होणार? त्या म्हणाल्या, “नाही. डावी चांगली आहे. एक हलेनाशी झाली की दुसरी हळूहळू शिकते. स्वतःची रेघ ओलांडून पलीकडे जाते, तिला जाऊन टेकते. मग आवाज निघतो. तो आधीचा आवाज नसतो, पण आवाज असतो.” घरी येताना रिक्षात अध्यक्षांनी माझा हात धरला होता आणि मी रस्त्याकडे बघत तुझ्या बुटाची गाठ आठवत होते. घाबरू नकोस, डॉक्टरीणबाई बाकी सगळं ठीक म्हणतात, आणि या बाबतीत मी अध्यक्षांसारखीच, मला खोटं बोलता येत नाही. मला फक्त एकाच गोष्टीची भीती आहे: सोमवारी दुपारी त्या वर्गात पडदा उतरवून अंधार करतील आणि मागच्या बाकावरची कुणीतरी पोर दोन रेणू नुसती बघत बसेल. म्हणून माझी मागणी एकच आहे. मणी धरायला येऊ नकोस. या वेळी मणी मुलांच्या हातात दे आणि बोल, माझ्यासारखं नव्हे, तुझ्यासारखं, डावीकडून. माझी प्रत म्हणून कुणी ओळख करून दिली तर सांग, चूक नाही, पण तीही नाही. मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही आणि अध्यक्षांना पुन्हा आंघोळीचं सांगायला लावणं बरं नाही. पत्र खाली ठेव, विभागप्रमुखांना आत्ता फोन लाव आणि एवढंच म्हण: “सोमवारचा वर्ग मी घेते.”

तुझीच,
आरशाच्या या बाजूची
ताई